डोंगर सोमवार ते शुक्रवार, माणसं शनिवार-रविवारी
कोलोरॅडोतली शरदातली आरव्ही-भटकंती

सप्टेंबर संपत आला की कोलोरॅडोतल्या रॉकी पर्वतात अस्पेनच्या राया पिवळ्याधमक होतात. अमेरिकेत लेकीकडे, भाच्याकडे मुक्कामाला गेलेल्या मराठी मंडळींना हा रंगही पाहायचा असतो आणि नातेवाईकही भेटायला हवे असतात. आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि न्हाणीघराची सोय असलेली गाडी, घेतली तर दोन्ही साधतं. अट एकच: वारांचं गणित नीट बसवा. नोकरदार नातेवाईक शनिवार-रविवारीच मोकळे असतात आणि नेमकी त्याच दोन दिवसांत डेन्व्हरकरांची डोंगरात झुंबड उडते. रविवारी दुपारनंतर आय-७० महामार्गावर शहराकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग हलता हलत नाही. म्हणून घाट कामाच्या दिवशी आणि भेटीगाठी सुटीच्या दिवशी ठेवा.

कधी निघाल?
रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि वरून खाली सरकतो. डेन्व्हरजवळच्या डोंगरात सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा चांगला, तर दक्षिणेच्या सान हुआन रांगेत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. वाऱ्याची एक जोरदार रात्र किंवा लवकर पडलेलं बर्फ पानं उतरवून टाकू शकतं. तेव्हा आरक्षण रद्द करता येईल असंच घ्या.

गाडी कोणती?
चौघांसाठी २४-२५ फुटांची ‘क्लास सी’ आरव्ही पुरते. तीस फुटांपलीकडे गेलात, तर जंगलातल्या अनेक कॅम्पग्राउंडमध्ये ती मावतच नाही. काही रस्त्यांवर लांबीचीच बंदी आहे: इंडिपेन्डन्स खिंडीत ३५ फुटांपेक्षा मोठी गाडी चालत नाही आणि ब्लॅक कॅन्यनच्या ईस्ट पोर्टल रस्त्यावर २२ फुटांपेक्षा. ‘क्लास सी’ आरव्हीसाठी कोलोरॅडोत वेगळा परवाना लागत नाही. भारतीय परवान्यावर चालवणार असाल, तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच आपल्या आरटीओतून काढा.

भाडं ठरवताना रोजच्या दराखेरीज मैलांचे, जनरेटरच्या तासांचे आणि सफाईचे पैसे किती, हे विचारून घ्या. पेट्रोल एका गॅलनला ८ ते १० मैल धरा. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाच्या छताखाली शिरताना ती डोळ्यांसमोर हवी.

मार्ग
समजा, लेक डेन्व्हरला आणि भाचा डुरँगोला आहे. सोमवारी डेन्व्हरहून यूएस २८५ ने निघा. केनोशा खिंड साधारण १०,००० फुटांवर आहे. अस्पेनची पहिली मोठी राई इथेच. मुक्काम सलायडाला. मंगळवारी यूएस ५० ने ११,३१२ फुटांची मोनार्क खिंड ओलांडा. हा खंडाचा जलविभाजक: पूर्वेचं पाणी अटलांटिककडे, पश्चिमेचं पॅसिफिककडे. पलीकडे गनिसन आणि मग ब्लॅक कॅन्यनची काळीकभिन्न दरी. बुधवारी आणि गुरुवारी रिजवेला राहा. तिथून डॅलस डिव्हाइडला जाऊन पिवळ्या उतारांमागे माउंट स्नेफल्सचं शिखर बघा.

शुक्रवारी डुरँगो. सरळ वाट यूएस ५५० ची आहे. तिच्यातल्या युरे ते सिल्व्हर्टन या भागाला ‘मिलियन डॉलर हायवे’ म्हणतात. दक्षिणेकडे जाणारी गाडी दरीच्या अंगाला राहते आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. भाड्याची आरव्ही तिथे नेऊ नका. टेल्युराइडच्या बाजूने लिझर्ड हेड खिंड, कॉर्टेझ आणि मग डुरँगो, हा फेरा लांबचा असला तरी सुखाचा आहे. शनिवारी भाच्याच्या छोट्या गाडीतून तोच हायवे निवांत बघा. नाहीतर १८८२ पासून धावणाऱ्या डुरँगो-सिल्व्हर्टन नॅरोगेज गाडीत सगळ्या गोतावळ्यासह बसा. तिकिटं मात्र आधी काढा.

पुढच्या सोमवारी यूएस १६० ने पगोसा स्प्रिंग्ज, वुल्फ क्रीक खिंड (१०,८५७ फूट) आणि अलामोसा. जवळच ग्रेट सँड ड्यून्समध्ये सुमारे ७४० फूट उंच वाळूचे डोंगर आहेत. तिथून वॉल्सेनबर्ग आणि आय-२५ ने डेन्व्हर. सगळा फेरा साडेआठशे मैलांच्या आसपास.

उतार
चढ जड जाणारच. मागे गाड्या साचल्या की रुंद जागा पाहून बाजूला व्हा. खरी परीक्षा उतारावर. कसारा घाटातला नियम इथेही लागू: गिअर खालचा ठेवा, वेग इंजिनाला धरू द्या आणि ब्रेक थोडा दाबून सोडा. पाय सतत ब्रेकवर राहिला, तर ब्रेक तापून निकामी होतो. वुल्फ क्रीकच्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी खडीच्या वेगळ्या चढण्या केल्या आहेत. तिथे गाडी हौसेने थांबवू नका.

आय-७० ने जाणार असाल, तर आणखी एक नियम लक्षात ठेवा. मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे बर्फासाठी योग्य टायर किंवा साखळ्या जवळ असाव्या लागतात. गाडी ताब्यात घेतानाच टायर तपासा.

थंडी आणि उंची
रात्री पारा शून्याखाली जातो. नळाला जोडलेला पाइप झोपण्यापूर्वी काढून रिकामा करा, नाहीतर सकाळी तो गोठलेला मिळेल. हीटर प्रोपेनवर जळतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो. दोन्ही भरलेलं हवं. अनेक सरकारी कॅम्पग्राउंड शरदात पाणी बंद करतात, म्हणून टाकी गावातच भरून घ्या.

डेन्व्हर १,६०९ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकं. आणि इथून चढ सुरू होतो. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी खिंडी गाठू नका. दोन-तीन दिवस लेकीकडे थांबा, पाणी भरपूर प्या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं. डोकेदुखी, मळमळ वाढत गेली तर उपाय एकच: खाली उतरा.

स्वयंपाक
दहा हजार फुटांवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही आणि भाताची कणी राहते. छोटा कुकर न्याच. फोडणी देण्यापूर्वी खिडकी उघडून पंखा लावा, नाहीतर धुराचा भोंगा सगळं कॅम्पग्राउंड जागं करेल. शरदात अस्वलं झोपेआधी अखंड खात असतात. ताटं, कचरा, लाडवांचा डबा बाहेर ठेवू नका. कचरा अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीतच टाका.

नातेवाइकांच्या दारात
आरव्ही घरासमोर लावता येईल असं गृहीत धरू नका. अनेक वसाहती आणि शहरं तिला मनाई करतात किंवा काही तासांचीच मुभा देतात. नातेवाइकांना आधी चौकशी करायला सांगा. घरातल्या साध्या सॉकेटवर दिवे आणि बॅटरीचं चार्जिंग चालतं. मायक्रोवेव्ह किंवा एसी लावलात तर यजमानांचा फ्यूज उडेल. सांडपाणी अंगणात सोडू नका, डम्प स्टेशनवरच रिकामं करा. आधी संडासाची टाकी, मग मोरीची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने पाइप धुतला जातो. आरव्हीची पायरी उंच असते. आजी-आजोबांना घरातली खोली द्या आणि नातवंडांना गाडीत झोपू द्या. ती त्यासाठी भांडतीलच.

डेन्व्हरला गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोहोचा. शुक्रवारी सकाळी टाक्या रिकाम्या करून, पेट्रोल-प्रोपेन भरून गाडी परत करा. शनिवार-रविवारचं भाडं वाचतं आणि ते दोन दिवस लेकीच्या घरी पूर्ण मिळतात.