बोगदा खणला की वरची जमीन खचते का?

प्रश्न : डिंभे-माणिकडोह बोगद्यावरून आमच्याकडे पारावर वाद रंगतात. पाण्याचं राजकारण राहू द्या. पण डोंगराच्या पोटात एवढी पोकळी केल्यावर वरचं घर, विहीर, शेत खचत नाही का?
– एक वाचक, लोणी (ता. आंबेगाव)

उत्तर : लोणीकरांनी निर्धास्त राहावं. तुम्ही तालुक्याच्या पूर्व टोकाला, डिंभे पश्चिमेला. मात्र शंका रास्त आहे.

जमिनीखाली 100 मीटरवर कातळाच्या दर चौरस मीटरवर अडीचशे टनांहून जास्त भार असतो. मधला खडक काढला म्हणून तो भार कुठे जात नाही. तो बाजूच्या खडकावर सरकतो आणि पोकळीभोवती दाबाची कमान धरते. कार्ल टेर्झागी यांनी 1936 मध्ये हे वाळूच्या पेटीत दाखवलं. पेटीच्या तळातली झडप जराशी खाली घेतली, की झडपेवरचा दाब झपकन उतरे आणि शेजारच्या तळावरचा वाढे. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या सभामंडपात मान वर करून बघा. सुमारे 17 मीटर लांब, 15 मीटर रुंद छत, आणि मधे एकही खांब नाही. वरचा डोंगर शतकानुशतकं बाजूच्या कातळानं तोलून धरलाय.

मातीत मात्र गणित बदलतं. खणताना भोवतालची माती थोडी आत सरकते, आणि जेवढी आत येते साधारण तेवढाच खळगा वर पडतो. समजा, चिकणमातीत 15 मीटर खोलीवर 6 मीटर व्यासाचा बोगदा आहे आणि पोकळीच्या 1 टक्का माती आत आली. तर ऐन मध्यावर जमीन सुमारे 15 मिलिमीटर बसते. खोली दुप्पट केली तर खळगा पसरतो, पण मध्यावर निम्माच उरतो. अख्खं घर सारखं खाली गेलं तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा जास्त बसला की भिंतीला तडा गेलाच.

भुसभुशीत जमीन काय करते, हे कोकण रेल्वेला विचारावं. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं बांधतानाच घाम फोडला होता. रेल्वे सुरू होऊन दोन दशकं उलटल्यावर, ऑगस्ट 2020 च्या पावसात, त्याच्या भिंतीचा काही भाग ढासळला.

आपल्याकडे काळा पाषाण, मधे मुरूम, कुठे गेरूचा थर. खोलवरच्या बोगद्यात पाषाण बहुधा दगा देत नाही; गेरू ओला झाला की मऊ पडतो, तिथे आधार लगेच द्यावा लागतो. माझ्या मते बोगद्याच्या वाटेवरच्या गावांनी घरापेक्षा विहिरीची काळजी आधी करावी. खडकाच्या भेगांतून झिरपणारं पाणी बोगदा स्वतःकडे ओढतो. पहिला सुरुंग उडण्याआधी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा विहिरींची पातळी मोजून, तारखेनिशी ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवून ठेवावी. नंतर विहीर आटली, तर ती बोगद्यानं आटली की दुष्काळानं, हे नुसत्या तोंडी सांगण्यावरून ठरत नाही.