रात्रपाळीला कोण असतं?

वृद्धाश्रम बघायला आपल्याकडे सगळे रविवारी सकाळी जातात. बाग झाडलेली, आजोबांच्या अंगात धुतलेला शर्ट, ऑफिसात चहा. आमचीही पहिली भेट अशीच झाली आणि चाकणच्या पुढची एक जागा अण्णांसाठी ठरली. मोकळी हवा, मागे डोंगर, शिवाय माझ्या कंपनीपासून जवळ.

अण्णांना पार्किन्सन्स आहे, कूस बदलायलाही माणूस लागतो. म्हणून रात्रीचं मुद्दाम विचारलं होतं. ‘दर दोन तासांनी राउंड असतो,’ असं सांगण्यात आलं. एकदा सेकंड शिफ्ट सुटल्यावर न कळवता गेलो. बारा वाजत आले होते. मावशी व्हरांड्यात गाढ झोपलेल्या, टेबलावर रजिस्टर उघडं. अण्णांच्या नावापुढे लिहिलेलं : ‘2.00 – कूस बदलली. 4.00 – डायपर बदलला, शांत झोप.’ पहाटेचे चार वाजायला अजून चार तास होते! आत अण्णा जागेच होते, चादर ओली. मावशींवर तरी काय चिडणार? ब्युरोतून आलेली ती बाई दिवसभर राबून रात्रीही तिथेच, तीस खाटांमागे एकटी.

म्हणून आता कुणी विचारलं की आधी हेच सांगतो : रात्री किती जणांमागे किती माणसं, ते विचारा आणि जेवणं उरकल्यावर स्वतः जाऊन मोजा. त्या वेळी आत घेत नसतील, तर उत्तर दारातच मिळालं. रात्रीची माणसं वेगळी आहेत का, हेही बघा. सलग दोन पाळ्या केलेल्या माणसाला आपण प्रेस मशीनवर उभं करत नाही.

एक फेरी गुरुवारी मारा. महावितरणची दुरुस्तीची कामं आपल्याकडे बहुतेक गुरुवारी निघतात, आणि बऱ्याच कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असल्याने रजाही टाकावी लागत नाही. लिफ्ट, पाण्याची मोटर, ऑक्सिजनचं मशीन बॅकअपवर चालतं की नाही, ते तेव्हाच कळतं.

जवळ-लांब किलोमीटरवर ठरवू नका. संध्याकाळी कंपन्यांच्या बस सुटल्या की चाकणच्या तळेगाव चौकातून गाडी काढून बघा. 108 ची रुग्णवाहिकाही त्याच कोंडीतून येणार आहे. रात्री कुठे नेणार, वायसीएम रुग्णालयात की खासगीत, सोबत कोण बसणार, आपण पोचेपर्यंत पैसे कोण भरणार, हे आधी बोलून घ्या.

महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना रुंद दारं, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा असे नियम घालून दिले. ते बिल्डरांसाठी, बंगला भाड्याने घेऊन चालवलेली केंद्रं त्यात येत नाहीत. पण यादी उपयोगाची आहे. व्हीलचेअर संडासाच्या दारातून आत जाते का, स्वतः ढकलून बघा.

पैशांचं मात्र सगळं कागदावर हवं. सुरुवातीला सांगतात तो दर चालत्या-फिरत्या माणसाचा. उद्या आधार लागला, परवा अंथरूण धरलं, तर किती? डायपर, फिजिओ, पथ्याचं जेवण त्यात धरलंय का? आठ दिवस हॉस्पिटलात असले तर खाटेचे पैसे चालूच राहतात का? डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात नसेल तर हेलपाटे ठरलेले. आम्हीही घातले.

आता अण्णा निगडीजवळ आहेत. बाग नाही, इमारत जुनी, आणि वरण पातळ असल्याची त्यांची तक्रार रोजची. रात्री मात्र दोघं जागी असतात, कारण आम्ही जाऊन पाहिलंय. या वेळी थेट दाखल केलं नाही, आधी पंधरा दिवस ठेवून पाहिलं. तुम्हीही ते मागा. देत नसतील तर पुढची जागा बघा. पंधरा दिवसांनी आई-वडिलांना बाहेर घेऊन जा, रसवंतीवर नाहीतर देवळात, आणि तिथे विचारा. मॅनेजर शेजारी उभा असताना ‘बरं आहे रे’ याच्यापुढे ते काही बोलणार नाहीत.