एका पॉइंटाचं अंतर

हे बघ राणी, बारके धक्के बसून गेले की जमिनीतला जोर निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो, असं तुमच्या हिंगोलीकडे घरोघरी बोललं जातं. सासूबाईंशी त्यावरून वाद घालू नकोस. त्यांच्या मनाला तेवढाच धीर. पण तू त्यावर विसंबू नकोस. का ते सांगते, थोडं गणित आहे, जांभई देऊ नकोस.

आपण भूकंपाचा आकडा भाजीच्या भावासारखा वाचतो, म्हणजे सहा हे तीनच्या दुप्पट. तसं नाही गं. १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी ही मोजणी बसवली. शंभर किलोमीटरवरच्या एका ठरावीक यंत्राच्या आलेखात रेघ १ मिलिमीटर हलली, तर त्या भूकंपाला ३ म्हणायचं. १ सेंटीमीटर हलली तर ४. १० सेंटीमीटर, तर ५. आणि ६ साठी? अख्खा १ मीटर! एवढा कागद कुठून आणणार? म्हणून आकडा एकेकानं चढतो आणि हलणं दहा-दहा पटीनं. याला लॉगॅरिदमिक मोजपट्टी म्हणतात. शाळेत लॉगचं पुस्तक उघडून आपण रडायचो ना, तेच हे.

आता खरी गोम ऐक. हलणं दहापट वाढतं, तेव्हा बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट वाढते. दोन पॉइंट चढले की हजारपट. २०२४ च्या जुलैत तुमच्याकडे ४.५ चा धक्का बसला आणि लोक सकाळच्या चहाचे कप टाकून रस्त्यावर आले. १९९३ मध्ये ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला झाला तो ६.२ चा. फरक दिसायला पावणेदोन पॉइंटांचा, पण किल्लारीची ऊर्जा तुमच्या धक्क्याच्या साडेतीनशे पट. म्हणजे बारक्या धक्क्यांनी तेवढा जोर काढायचा, तर ४.५ चे साडेतीनशे धक्के हवेत. ३ चे म्हणशील, तर साठ हजारांच्या वर. एवढे धक्के कुठल्या गावाला बसलेत? आणि किल्लारीत १९९२ मध्ये छोटे धक्के जाणवलेच होते, त्यांनी पुढचं काही टळलं नाही. उलटंही खरं आहे हं. बारका धक्का बसला म्हणजे मोठा येणारच, असंही कुणी सांगू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख-वेळ टाकून भूकंपाचं भाकीत करणाऱ्याला सरळ ब्लॉक कर.

अजून एक. आकडा भूकंपाचा असतो, नुकसानीचा नसतो. २००१ चा भूजचा भूकंप ७.७ चा, म्हणजे ऊर्जेत किल्लारीच्या पावणेदोनशे पट. तरी किल्लारीत हजारो माणसं गेली, कारण भूकंप उथळ होता, वेळ पहाटे चारच्या सुमाराची, सगळी झोपलेली, आणि डोक्यावर दगड-मातीच्या जाड भिंतींवर पेललेलं माळवद. बातमीत नुसता रिश्टरचा आकडा ऐकून ‘हॅ, सहाचाच होता’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो याच्यासाठी. (शास्त्रज्ञ आता मोठ्या भूकंपांना रिश्टरची जुनी पट्टी लावत नाहीत, १९७९ पासूनची दुसरी रीत वापरतात. पण पायऱ्या याच.)

अशीच लॉगॅरिदमिक पट्टी आवाजालाही लागते, आणि तिथे तर आपण रोज फसतो. कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापासून कान दुखवणाऱ्या आवाजापर्यंत तीव्रता लाख कोटी पटीनं वाढते. एवढी शून्यं कोण लिहीत बसणार? म्हणून ० ते १२० डेसिबल. दर १० डेसिबलला दहापट. नियमाप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या डीजेजवळ १०० सहज होतात. म्हणजे दुप्पट नव्हे बाई, तीस हजार पटींहून जास्त! कानाला मात्र तो वीस-बावीस पटच मोठा वाटतो, म्हणून आपण ‘चालतंय की’ म्हणत उभे राहतो. कामाच्या जागी ८५ डेसिबलात आठ तास ही एक मानलेली हद्द आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. हिशोब करून बघ, १०० ला पंधरा मिनिटंच उरतात. तू तर छकुलीला कडेवर घेऊन मिरवणूक बघायला जातेस. तिला लांबच्या गल्लीत ने, नाहीतर गच्चीवरून दाखव.

भाऊजींच्या माती परीक्षणाच्या कागदावर सामू (pH) लिहिलेला असतो, तोही असाच. ७.५ चा ८.५ झाला तर ‘एकच तर वाढला’ म्हणून कागद गादीखाली सारू देऊ नकोस. मातीतल्या आम्लाचा अंश तेव्हा दहावा हिस्सा उरलेला असतो, आणि मग लोह, जस्त पिकाला नीट मिळत नाही.

तेव्हा भूकंपासाठी आता एवढं कर. पलंगाच्या डोक्याशी टांगलेली ती जड फ्रेम आज काढ. लोखंडी कपाट भिंतीला क्लॅम्पनं पक्कं करून घे. मागच्या खोलीची जुनी दगडी भिंत पोट काढून उभी आहे, ती पावसाळ्याआधी इंजिनियरला दाखव, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नकोस. आणि सासूबाईंची खाट त्या भिंतीपासून हलव. कारण विचारलं, तर ओल येते म्हणून सांग.