पेस्टला ढकलतंय कोण?

भाच्या, पलसाण्यात कलर किचनला लागलास, झकास. आपले खानदेशी इथं बहुतेक लूमवर नाहीतर प्रिंटिंगमध्येच असतात. आता ऐक.

कुणी ‘व्हिस्कॉसिटी किती?’ विचारलं, की आकडा सांगण्याआधी बघ, मापताना त्या पातळाला ढकलतंय कोण. व्हिस्कोमीटरमध्ये मोटर स्पिंडल फिरवते, पेस्ट अडवते. त्या अडवण्याचं माप म्हणजे डायनॅमिक. ते सेंटिपॉइजमध्ये येतं. खाली भोक असलेल्या कपात मोटर नसते. पातळ स्वतःच्याच वजनानं उतरतं, आपण सेकंद मोजतो. जड पातळ स्वतःला जास्त जोरानं ओढणार, म्हणून तिथं घनता आपोआप हिशेबात येते. हे कायनेमॅटिक, सेंटिस्टोक्समध्ये. त्याला घनतेनं गुणलं की सेंटिपॉइज मिळतात.

पाण्याची घनता जवळजवळ 1, म्हणून 20 अंशाला दोन्ही आकडे 1च्या आसपास, आणि तिथंच माणूस फसतो. पारा घे. डायनॅमिकमध्ये तो पाण्याच्या दीडपट, पण घनता साडेतेरा असल्यानं कायनेमॅटिकमध्ये पाण्याच्या नवव्या हिश्शाएवढाच.

मेंटेनन्सवाल्यांच्या ड्रमवर ‘व्हीजी 68’ असतं ना, ते 40 अंशाला 68 सेंटिस्टोक्स. तेलाची घनता 0.87 धरली तर सेंटिपॉइज 59 भरतात. तेलाचा आकडा पेस्टच्या वहीत तसाच उतरवू नकोस.

आता आपल्या कामाचं. गमची पेस्ट ढवळली की पातळ होते, थांबली की पुन्हा जाड. स्क्विजीखाली ती सरसर जाळीतून जाते आणि कपड्यावर पसरत नाही, ते याच गुणामुळं. पण म्हणूनच नुसता ‘इतके सेंटिपॉइज’ म्हणजे अर्धी नोंद. शेजारी स्पिंडल नंबर, फेरे आणि तापमान लिहायचंच. गमसाठी कपावर तर मुळीच विसंबू नकोस. तिथं पातळ किती वेगानं ढकललं जातं, ते आपल्या हातात नसतं. कप पातळ शाई-वार्निशवाल्यांना शोभतो.

ग्वार गम फिरत्या पाण्यात चिमटी-चिमटीनं सोड, नाहीतर गाठी होतात आणि त्या स्क्रीनमध्ये जाऊन बसतात. मे महिन्यात रात्रभर ठेवलेला गम सडून पातळ होतो. सकाळी पुन्हा माप, कालचा आकडा चालवू नकोस. आणि स्पिंडल मोजून झाल्या झाल्या धू. वाळलेला गम खरवडायला बसलास, तर दांडा वाकतो.