परक्या पाण्यातला मासा
(अभ्यासाचा पाठ)

नवापूर-तारापूरकडील वाचकांस खाऱ्या पाण्यातील मासे ठाऊक आहेतच. आज खोल गोड्या पाण्यातील एका बलाढ्य माशाचा विचार करू.

उत्तर अमेरिकेच्या थंड, खोल सरोवरांत लेक ट्राउट नावाचा मासा राहतो. तो इतर मासे खाऊन जगतो व सावकाश वाढतो. सुपीरियर ह्या महासरोवरात तो मूळचा होय. अतिशय मासेमारीमुळे, आणि कालव्यावाटे शिरलेल्या रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रेमुळे, १९५० च्या दशकात त्याचा तेथे जवळजवळ नाश झाला. पुढे लोकांनी लॅम्प्रेस आवर घातला, पिले सोडली, आणि त्याचा वंश पुन्हा वाढविला.

परंतु हाच मासा १९९४ साली यलोस्टोन सरोवरात आढळला. तेथे तो परका होता. तेथील मूळचा कटथ्रोट ट्राउट त्याने फस्त करीत आणला. कटथ्रोट अंडी घालण्यास उथळ ओढ्यांत येई, तेव्हा अस्वले त्यावर पोट भरीत. लेक ट्राउट खोलातच राहतो. म्हणून अस्वलांच्या तोंडचा घास गेला. एकाच माशाचे रक्षण एके ठिकाणी पुण्य, तर दुसऱ्या ठिकाणी त्यास जाळी लावणे कर्तव्य ठरले.

असेच आपल्या देशातही घडले. लोणावळ्यास टाटांच्या केंद्रात दख्खनच्या निळ्या पराच्या महाशीर माशाची पिले अनेक वर्षे वाढविली गेली. हे काम स्तुत्य होय. पण त्यांतील पिले दूर कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर ५० किलोंहूनही मोठा होई. पाहुणा वाढला, घरधनी घटला. २०१८ मध्ये त्याची गणना नष्ट होण्याच्या अगदी काठावरील जातींत झाली. हेतू चांगला होता. पाणी कोणाचे, हे मात्र पाहिले गेले नाही.

तेव्हा गावच्या तळ्यात पिले सोडण्यापूर्वी ती कोणत्या जातीची, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसास विचारावे. मांगूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकेचा मासा पाळण्यास भारतात बंदी आहे. पावसाळ्यात तळे फुटले, की तो ओढ्यात जातो, आणि मग त्यास परत बोलाविता येत नाही.

वर्गात विचारावयाचे प्रश्न : १. लेक ट्राउट यलोस्टोनमध्ये का घातक ठरला? २. अस्वलांचे नुकसान कसे झाले? ३. आपल्या तळ्यातील मूळचे मासे कोणते? वडीलधाऱ्यांस विचारून त्यांची नावे लिहा.