मोटारीच्या खिडकीसाठी परावर्तक पडदा

चेन्नई शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 13 अंशांवर वसले आहे. एप्रिलच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. मे महिन्यातील प्रखर उन्हाच्या दिवसांना तमिळ लोक ‘अग्निनक्षत्रम्’ म्हणतात. अशा उन्हात उभी केलेली बंद मोटार भट्टीसारखी तापते. काचेतून आलेला प्रकाश शोषून आसने तापतात. त्यांच्यापासून निघणारे उष्णतेचे किरण मात्र काचेतून आरपार जाऊ शकत नाहीत आणि तापलेली हवाही आतच कोंडते. म्हणून प्रकाश शोषला जाण्यापूर्वीच परतवला पाहिजे. काळा पडदा स्वतःच तापतो. चकचकीत ॲल्युमिनियम बराचसा प्रकाश परतवते.

प्रथम खिडकीच्या आकाराचा कागदी नमुना कापावा. त्यावरून पन्हळी पुठ्ठा किंचित मोठा कापावा, म्हणजे तो चौकटीत घट्ट बसतो. पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवून कडांना कापडी पट्टी लावावी. फॉइलची बाजू काचेकडे ठेवावी. गाडी चालवण्यापूर्वी सर्व पडदे काढावेत.

पडद्याने ताप कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून पडदे लावलेल्या मोटारीतही मुलाला एकटे ठेवू नये.