लिटल्टन बंदरातील मुक्काम

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर गावी समुद्राची गाज ऐकू येत नाही. उजनी धरणाचा अफाट जलाशय हाच तेथील मुलांचा सागर! परंतु ज्या काळ्या पाषाणावरून ती मुले अनवाणी धावतात, तो एके काळी पृथ्वीच्या पोटातून उसळलेला तप्त लाव्हारस होता. न्यूझीलंडमधील लिटल्टन हे बंदरही, निराळ्या काळी का होईना, अग्नीतूनच घडले. एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात समुद्र शिरला आणि डोंगरांच्या कुशीत खोल, निवांत खाडी तयार झाली.

या बंदरात २२ डिसेंबर २०२४ रोजी 'तारिणी' ही भारतीय शीडनौका येऊन पोहोचली. नौकेची लांबी अवघी १७ मीटर, आणि तिजवर माणसे दोनच: भारतीय नौदलातील लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा अलगिरिसामी. एक केरळची, दुसरी पुदुच्चेरीची. गोव्यात बांधलेल्या या नौकेतून, केवळ शिडांच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करण्यासाठी त्या २ ऑक्टोबर रोजी गोव्याहून निघाल्या होत्या. वाटेत ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथे त्यांचा एक मुक्काम झाला होता; लिटल्टन हा दुसरा.

दर्यावर्दी लोकांना हे बंदर जुने ओळखीचे आहे. माओरी लोकांची वस्ती येथे पूर्वापार होती. १८५० साली इंग्लंडहून वसाहतकऱ्यांची जहाजे येथे लागली. पुढे दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या साहसी वीरांनी येथूनच प्रस्थान ठेवले. १९०८ साली शॅकल्टनचे 'निमरॉड' जहाज निघाले, तेव्हा कोळसा वाचावा म्हणून दुसऱ्या जहाजाने ते दोराने ओढीत हिमप्रदेशापर्यंत नेले. १९१० साली 'टेरा नोव्हा' निघाले. त्या मोहिमेचा नायक कप्तान स्कॉट परत आला नाही.

टेकडीवर एक दगडी मनोरा आहे. त्याच्या माथ्यावरील काठीवर एक मोठा गोळा वर चढवीत आणि ठरलेल्या क्षणी खाली सोडीत. १८७६ पासून जहाजावरचे खलाशी तो गोळा पडताना पाहून आपली घड्याळे तपासून घेत. यात गंमत नव्हती, जिवाचा प्रश्न होता. घड्याळावरून रेखांश काढावयाचा. घड्याळ एक मिनिट चुकले, तर विषुववृत्तापाशी नौकेचे स्थान सुमारे २८ किलोमीटरांनी चुकते. एवढ्या अंतरात एखादा खडक सहज दडून बसतो! २०११ च्या भूकंपांत हा मनोरा कोसळला. २०१८ साली तो पुन्हा उभा राहिला.

मुक्काम म्हणजे विश्रांती, असे आपणांस वाटते. ताजे अन्न, निश्चल जमीन आणि अखंड झोप यांचे मोल समुद्रावरून आलेल्यालाच कळते, हे खरे. परंतु शीडनौकेचा मुक्काम म्हणजे मुख्यतः काम. शिडाची एखादी उसवलेली शिवण, झिजलेला दोर, डोलकाठीला आधार देणाऱ्या तारेवरील बारीकशी चीर, हे सारे धक्क्यावर सापडले तर बरे; भर वादळात सापडले तर उपाय कोण करणार? पुढील टप्पा तर साऱ्या प्रवासातील सर्वांत लांब होता. वाटेत पॅसिफिक महासागरातील 'पॉइंट नेमो' लागणार होता. तेथून कोणत्याही दिशेला गेले तरी जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटर दूर! त्यापुढे केप हॉर्नचे बेफाम वारे.

'तारिणी'च्या आधी ही वाट एका मराठी माणसाने एकट्याने पार केली होती. २००९ साली नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' नौकेतून प्रदक्षिणेस निघाले, तेव्हा त्यांनीही लिटल्टन येथेच मुक्काम केला होता. पुढे २०१७ साली सहा महिला अधिकारी याच 'तारिणी'तून येथे येऊन गेल्या.

४ जानेवारी २०२५ रोजी दोघींनी बंदराचा निरोप घेतला. १५ फेब्रुवारीला त्यांनी केप हॉर्न ओलांडले, आणि फॉकलंड बेटे व केप टाउन येथे थांबून २९ मे रोजी 'तारिणी' गोव्यास परतली.